पलंगातून पडणारं पीठ, आमराईतला भिरूड आणि लाकूड पोखरणारे बाकीचे भुंगेरे

अबोली
नमस्कार मंडळी, जरा मदत हवी आहे. दोन वर्षांपूर्वी आम्ही आंब्याच्या लाकडाचा पलंग घेतला, दिसायला फार सुंदर आणि सागवानाच्या निम्म्या किमतीत मिळाला म्हणून घेतला. गेल्या महिन्यापासून पलंगाखाली फरशीवर पिठीसाखरेसारखी पांढरट पावडर पडायला लागली आहे, मी पुसते आणि दोन दिवसांत परत तेवढीच. काल वाकून टॉर्चने बघितलं तर आतल्या पट्ट्यांना टाचणीच्या डोक्याएवढी गोल गोल भोकं आहेत, वीस-पंचवीस तरी असतील. दुकानदार म्हणतो तुमच्या घरातल्या ओलीमुळे वाळवी लागली, सुतार म्हणतो भुंगा आहे, सासूबाई म्हणतात भोकात रॉकेल सोड. मला भीती ही की बाजूलाच आजेसासऱ्यांचं सागवानी कपाट आहे, त्यात गेलं तर? नक्की काय प्राणी आहे हा आणि कसा राहतो लाकडात, कुणी नीट समजावून सांगेल का?

कीटकमित्र
अबोलीताई, सुतार बरोबर सांगतोय. वाळवी नाही ही. वाळवी मातीच्या नळ्या करत येते, आणि कोरड्या लाकडात राहणारी वाळवी असली तर खाली खसखशीसारखे कडक दाणे पडतात, बोटात चोळले तर विरघळत नाहीत. तुमच्याकडे पडतंय ते मैद्यासारखं मऊ पीठ, आणि भोकं एक-दोन मिलिमीटरची, गोल. हे काम लिक्टस किंवा त्याच्या भाऊबंदांचं, म्हणजे लाकडाचं पीठ करणाऱ्या बारीक भुंगेऱ्यांचं.

आता एक गोष्ट आधी डोक्यात पक्की करून घ्या कारण पुढचं सगळं त्यावर आहे. तुम्हाला जे भोक दिसतंय ते किडा आत शिरल्याचं भोक नाही, तो बाहेर पडल्याचं भोक आहे. मादीने अंडी घातली तेव्हा बाहेरून काहीच दिसलं नव्हतं, अळीने आत बसून कित्येक महिने लाकूड खाल्लं तेव्हाही काही दिसलं नाही, मग ती पृष्ठभागाच्या जवळ येऊन कोषात गेली, कोषातून भुंगेरा झाला आणि त्याने भोक पाडून तो निघून गेला. म्हणजे वीस भोकं असतील तर वीस जण गेलेत, आत किती आहेत ते भोकं मोजून कळत नाही. आणि जे रॉकेल आपण भोकात ओततो ते बहुतेक वेळा रिकाम्या घरात ओततो.

मादी अंडी कुठे घालते तेही बघण्यासारखं आहे. लाकडाच्या आडव्या कापावर ज्या बारीक नळ्या दिसतात, झाडाचं पाणी वर नेणाऱ्या, त्या नळ्यांच्या तोंडात ती आपली लांब नळी घालून अंडी सोडते. म्हणून ज्या लाकडाच्या नळ्या रुंद त्यालाच हा किडा लागतो, देवदार-पाइनसारख्या लाकडाला लागत नाही कारण त्यात अशा नळ्याच नसतात. त्याहून नवलाची गोष्ट म्हणजे अंडी घालण्याआधी ती लाकडाला चावा घेऊन चव बघते. लाकडात स्टार्च आहे का हे तपासते, कारण लिक्टसच्या अळीला लाकडाचा सेल्युलोज पचतच नाही, ती फक्त त्यातला स्टार्च आणि साखर काढून घेते आणि बाकीचं सगळं पीठ करून मागे टाकते. तुमच्या फरशीवर पडतं ते हेच. एवढा मोठा लाकडाचा ठोकळा पोखरायचा कशासाठी तर त्यातल्या मूठभर स्टार्चसाठी.

आंब्याचं लाकूड तिला का आवडतं हे आता लक्षात आलं असेल, स्टार्च भरपूर आणि सागवानासारखा रक्षण करणारा गाभा त्याला नाही. रबराच्या झाडाचं लाकूडही तसंच. सागवानाच्या गाभ्यात किड्यांना नकोशी असलेली नैसर्गिक रसायनं असतात म्हणून तुमचं कपाट जर खरोखर गाभ्याचं असेल तर काळजी नको. पण सागवानाचा बाहेरचा पांढरा भाग सुरक्षित नसतो, स्वस्तातल्या सागवानी फर्निचरमध्ये तोच भाग रंग मारून घातलेला असतो, तेवढं बघून घ्या. शिवाय जुन्या लाकडात स्टार्च वर्षागणिक कमी होत जातो त्यामुळे आजेसासऱ्यांच्या काळच्या कपाटाला लिक्टस सहसा तोंड लावत नाही.

ओलीचा मुद्दा दुकानदाराने उगाच काढला. हे भुंगेरे कोरड्या लाकडातच राहतात, आणि दोन वर्षांत एवढं पीठ पडतंय म्हणजे अंडी बहुधा पॉलिश व्हायच्या आधी, वखारीत किंवा कारखान्यात असतानाच पडली असणार. पॉलिश झालं की नळ्यांची तोंडं बंद होतात आणि मादीला तिथे जागा मिळत नाही, पण आत आधीच असलेली अळी भुंगेरा होऊन पॉलिश फोडून आरामात बाहेर येते. पलंगाच्या आतल्या बाजूला पॉलिश आहे का ते बघा बरं.

अबोली
बघितलं. खालच्या बाजूला आणि पट्ट्यांना अजिबात पॉलिश नाही, कोरं लाकूड आहे. आणि सगळी भोकं तिथेच आहेत!! इतकं कुणीच समजावलं नव्हतं, खूप आभार.

आमराईवाला
आम्ही रत्नागिरीकडचे, चाळीसेक हापूसची कलमं आहेत वडिलार्जित. तुमच्या पलंगातला तो तांदळाएवढा किडा आणि आमच्या बागेतला भिरूड, दोघे लाकूड पोखरणारे भुंगेरेच पण आमचा भिरूड बघाल तर हातभर मागे सराल. अळी बोटाएवढी जाड, पिवळट पांढरी, पाय नसलेली, पूर्ण वाढली की ८-९ सेंटिमीटर भरते. भुंगेरा दोन इंचाच्या आसपास, राखाडी, मानेवर दोन नारिंगी ठिपके आणि मिशा अंगापेक्षा लांब. हातात धरला तर ची ची आवाज करतो, मान आणि पाठ एकमेकांवर घासून.

पाऊस सुरू झाला की हे बाहेर पडतात, रात्री बत्तीवर येतात. मादी खोडाची साल जबड्याने कुरतडून खाच करते आणि त्यात एकेक अंडं ठेवते, म्हाताऱ्या झाडांवर, जखम झालेल्या खोडावर जास्त. अळी आधी सालीखाली फिरते, मग लाकडात शिरते आणि वर्षभराचा मुक्काम. आम्हाला कळतं कधी, तर एखादी फांदी एकाएकी पिवळी पडते किंवा खोडाच्या बुंध्याशी ओला भुसा दिसतो आणि डिंकासारखा रस गळतो. तेव्हा निम्मं काम झालेलं असतं तिचं.

माझ्या आजोबांचं एक रायवळ झाड होतं अंगणात, सगळ्या लग्नकार्यांचा मांडव त्याच्या सावलीत पडलेला, ते २०१४ च्या पावसात वाऱ्याने मोडलं. मोडल्यावर बघितलं तर खोड आतून पोकळ, मनगट जाईल असे बोगदे. बाहेरून पानं हिरवी होती हो. त्या दिवसापासून मी दर पंधरा दिवसांनी प्रत्येक झाडाच्या बुंध्याशी बसून भुसा शोधतो, पावसाळ्यानंतर तर आठवड्याला. भुसा ओला आणि ताजा दिसला की सायकलच्या ब्रेकची तार घ्यायची, टोकाला आकडी करायची आणि बोगद्यात घालून अळी ओढून काढायची. तारेला मऊ लागलं की समजायचं सापडली. नाही निघाली तर पेट्रोलचा बोळा आत सारायचा आणि भोक चिखलाने लिंपायचं. औषधाचं मी मुद्दाम लिहीत नाही, दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाची त्या वर्षीची शिफारस बघावी, कारण पूर्वी सगळे वापरायचे ते डायक्लोरव्हॉस २०२० अखेरपासून आपल्याकडे बंद आहे आणि अजून काही जण जुन्या बाटल्या काढतात.

काजूवाल्यांना वेगळा त्रास. तिथला किडा बुंध्याशी आणि मुळात शिरतो, साल आतून गोल खाल्ली की झाडाचं अन्नपाणी बंद आणि उभं झाड वाळतं. त्याची अळी कोषात जाताना स्वतःभोवती चुन्यासारखं पांढरं कडक कवच करते, मेलेल्या काजूचं मूळ फोडलं की अंड्यासारखी ती कवचं सापडतात. म्हणून मेलेलं काजूचं झाड बागेत ठेवू नये, मुळासकट काढून बाहेर न्यावं, नाहीतर त्यातूनच पुढची पिढी निघते आणि शेजारची झाडं धरते.

मोगरा१९
माझा एक प्रश्न, आमच्या गॅलरीच्या लाकडी कठड्याला एक काळा जाडजूड भुंगा मोठं गोल भोक पाडतो, करंगळी जाईल एवढं, आणि गुं गुं आवाज करत फिरतो. हाच का तो भिरूड?

कीटकमित्र
नाही, तो भुंगेरा नाहीच, ती मधमाशीची बहीण. भ्रमर म्हणतो आपण तो. लहानपणापासून ऐकतो ना की भ्रमर कोरडं लाकूड पोखरतो पण कमळाच्या पाकळीत अडकून राहतो, तो हा. लाकूड तो खात नाही, फक्त पिल्लांसाठी खोल्या करतो आणि त्यात परागकणांचा गोळा ठेवतो. मराठीत आपण भ्रमरालाही भुंगा म्हणतो आणि कठीण पंखांच्या किड्यालाही भुंगाच म्हणतो त्यामुळे हा घोळ कायमचा आहे. कठीण पंखवाल्याला भुंगेरा म्हणावं असं माझं मत. आणि कृपा करून भ्रमराला मारू नका, भोपळावर्गातल्या आणि शेंगवर्गातल्या कितीतरी फुलांचं परागीकरण तो करतो. कठड्याला तेलरंग द्या, मग सहसा तो कोरं लाकूड शोधत दुसरीकडे जातो.

डाळिंबवाली
सांगोल्याहून लिहिते. आमच्याकडे भिरुडाएवढा मोठा नाही, अगदी दोन-अडीच मिलिमीटरचा किडा, पिनहोल बोरर म्हणतात सगळे, पण त्याने गेल्या काही वर्षांत डाळिंबाच्या बागा उभ्या जाळल्यासारख्या केल्या. आमच्या साडेतीन एकरातली सव्वा एकर बाग काढावी लागली. खोडावर टाचणीने टोचल्यासारखी भोकं, खाली पांढरा भुगा, आणि फळं सेट झालेलं झाड महिन्याभरात मान टाकतं. एवढ्याशा किड्याने एवढं मोठं झाड कसं मरतं हेच आम्हाला कळत नव्हतं, आधी वाटायचं पाणी जास्त झालं.

कीटकमित्र
ताई, वाचून फार वाईट वाटलं. तुमच्या प्रश्नाचं उत्तर म्हणजे या सगळ्या किड्यांमधली सगळ्यात विलक्षण गोष्ट आहे म्हणून सविस्तर लिहितो. हा किडा लाकूड खातच नाही. तो शेती करतो. मादी आपल्या अंगावरच्या खास पिशवीत बुरशीचे बीजाणू घेऊन येते, खोडात बोगदा करते आणि बोगद्याच्या भिंतीवर ती बुरशी पेरते, मग ती आणि तिची पिल्लं ती बुरशी खाऊन जगतात. बोगदा स्वच्छ ठेवायचा, भुगा बाहेर ढकलायचा, नको ती बुरशी वाढू द्यायची नाही, सगळं करते. नर फार थोडे, त्यांना उडता येत नाही, बहिणींशीच त्यांचं मीलन होतं आणि मग त्या फळलेल्या माद्या बाहेर पडून नवीन झाडावर जातात. म्हणजे एक मादी एका नव्या झाडावर पोचली की तेवढी पुरते.

झाड मरतं ते बोगद्याने कमी आणि बुरशीने जास्त. बुरशी झाडाच्या पाणी नेणाऱ्या नळ्यांतून पसरते. डाळिंबात मर रोगाची बुरशी आणि हे भुंगेरे बऱ्याचदा एकाच झाडावर सापडतात. आणि या किड्यांना बरेचदा ताणात असलेलं झाड आधी सापडतं, कारण पाण्याने गुदमरलेल्या किंवा आजारी झाडातून अल्कोहोलचा वास सुटतो आणि तो त्यांना लांबून कळतो. तेव्हा तुम्हाला पाणी जास्त झालं असं वाटलं ते अगदीच चुकीचं नव्हतं.

डाळिंबवाली
हे आम्हाला कुणी असं सांगितलंच नाही, फक्त फवारा फवारा म्हणून सांगायचे आणि तो तर खोडात बसलेला, फवारा पानांवर. आता सोलापूरच्या डाळिंब संशोधन केंद्राच्या सल्ल्याने गेरूचा लेप देतो, त्यात कीटकनाशक आणि बुरशीनाशक कालवून, बुंध्यापासून दोन फुटांपर्यंत, आणि वाळलेलं झाड त्याच दिवशी उपटून जाळतो. बांधावर सरपण म्हणून रचून ठेवायचो पूर्वी, तीच मोठी चूक होती. उरलेल्या बागेत दीड वर्षात सात झाडंच गेली.

बांबूकाम_सिंधुदुर्ग
आमच्याकडे माणगा बांबू, त्याला भुंगा नाही लागला असं होत नाही. टोपल्या, सुपं सगळ्यातून पीठ. जुनी माणसं सांगायची थंडीत तोड, अवसेला तोड. अवसेचं मला सांगता येणार नाही पण थंडीचं शंभर टक्के खरं, मी वीस वर्षं हेच काम करतो. पावसात बेट नवे कोंब वाढवतं, त्याला लागणारं अन्न जुन्या काठ्यांमधून जातं, त्यामुळे पाऊस संपल्यावर तोडलेल्या तीन-चार वर्षांच्या काठीत भुंग्याला खायला कमी राहतं. मे महिन्यात कोंब फुटायच्या आधी तोडलेली काठी म्हणजे स्टार्चने भरलेली, ती दोन महिन्यांत पोखरते. बाहेरून बांबूची साल काचेसारखी कडक असते म्हणून भुंगा कापलेल्या टोकातून आणि आतल्या बाजूने शिरतो. तोडल्यावर काठ्या तीन-चार आठवडे वहाळात दगडाखाली दाबून ठेवायच्या, वास सुटतो पण साखर-स्टार्च निघून जातो. आणि ज्याला बरीच वर्षं टिकवायचं आहे त्याने बोरिक ॲसिड आणि बोरॅक्सच्या पाण्यात भिजवावं. फक्त ते पावसात उघड्यावर धुऊन जातं, घरातल्या वस्तूंना उत्तम.

सालवन
माझं बालपण मध्य प्रदेशातल्या मंडल्याला गेलं, वडील वनखात्यात होते. १९९७-९८ मध्ये तिथल्या साल नावाच्या वृक्षाच्या जंगलात साल बोररची, म्हणजे ती झाडं पोखरणाऱ्या भुंगेऱ्याची, साथ आली होती ती मी डोळ्यांनी बघितली आहे. एरवी हा किडा पडलेल्या, म्हाताऱ्या झाडात राहतो आणि धडधाकट सालवृक्ष त्याच्या लहान अळ्यांना राळेत बुडवून मारतो. पण संख्या फार वाढली की एका झाडावर इतक्या अळ्या येतात की झाडाची राळ पुरत नाही. बुंध्याशी गुडघाभर भुशाचे ढीग असायचे. वडील सांगायचे सालाचा ताजा रस हा या किड्याचा जीव की प्राण. म्हणून पावसाळ्यात सालाची झाडं पाडून ओंडके करायचे आणि त्यांची टोकं कुऱ्हाडीच्या मागच्या बाजूने ठेचायची, रस पाझरला की लांबून लांबून भुंगेरे येऊन रस पिऊन सुस्त पडायचे. मग गावातली माणसं ते वेचायची आणि मुंडक्यांच्या हिशोबाने पैसे मिळायचे. आमच्या शेजारच्या गोंड आजी पहाटे डबा घेऊन जायच्या. अजून मला तो ठेचलेल्या सालाचा वास आठवतो.

थंडीतला_मराठी
मिशिगनहून. आमच्या गल्लीत दोन्ही बाजूंनी ॲश नावाची झाडं होती असं जुने शेजारी सांगतात, मी आलो तेव्हा फक्त बुंधे. एमराल्ड ॲश बोरर, आशियातून आलेला हिरवा चमकदार किडा, २००२ साली इथेच डेट्रॉइटजवळ पहिल्यांदा ओळखला गेला आणि तेव्हापासून कोट्यवधी झाडं गेली. बाहेर पडायचं भोक गोल नाही, इंग्रजी डी अक्षरासारखं, एक बाजू सपाट, कारण त्याची पाठ सपाट असते. अळी सालीखाली नागमोडी खात जाते आणि झाडाचा अन्नपुरवठा तुटतो. कॅम्पिंगला जाताना जळाऊ लाकूड सोबत नेऊ नका असे बोर्ड इथे सगळीकडे असतात ते यासाठीच. डाळिंबवाल्या ताईंचं सरपणाचं वाचलं आणि तेच डोळ्यासमोर आलं. मालाच्या लाकडी पॅलेटवर एचटी असा शिक्का असतो बघा, म्हणजे लाकूड आतपर्यंत ५६ अंशाला ३० मिनिटं तापवलंय, किडे मरावेत म्हणून.

रानपाखरू
मला एक सांगायचंय, सगळे मारायचंच बोलतायत म्हणून. जंगलातलं मेलेलं लाकूड कुजवून मातीत परत नेण्याची सुरुवात हेच किडे करतात. ते बोगदे करतात तेव्हा बुरशीला आणि पाण्याला आत वाट मिळते. सुतार पक्षी सालीवर टकटक करून पोकळ आवाज कुठे येतो ते ऐकतो आणि तिथूनच अळी काढतो. बागेत भिरूड नको हे मान्य, पण डोंगरावरचं, देवराईतलं वाळकं झाड जळणाला नेऊ नका, उभं राहू द्या.

आमराईवाला
पटलं. आमच्या बागेच्या वरच्या अंगाला देवराई आहे, तिथल्या पडक्या झाडाला आम्ही हात लावत नाही. सोनेरी पाठीचा सुतार तिथून रोज सकाळी बागेत येतो, तो ज्या झाडावर जास्त वेळ ठोकतो ते झाड मी आधी तपासतो. तीन वेळा त्याच्यामुळे भिरूड लवकर सापडलाय.

कीटकमित्र
अबोलीताई, तुमचा पलंग राहूनच गेला. असं करा. आधी सगळं पीठ व्हॅक्यूमने ओढून घ्या, जुन्या भोकांभोवती पेन्सिलने गोल करा आणि पलंगाखाली काळा कागद अंथरा, वर तारीख लिहा. नुसतं पीठ पडलं तर घाबरू नका, जुनं साठलेलंही हलवल्यावर पडतं. पेन्सिलचा गोल नसलेलं नवीन भोक दिसलं तर आत कुणीतरी जिवंत होतं हे नक्की. जास्त पोखरलेल्या पट्ट्या बदला, त्या महाग नसतात. बाकी कोऱ्या भागाला बोरॅक्सवालं औषध दोन-तीन हात द्या, कोरं लाकूड आहे म्हणून ते शोषलं जाईल, पॉलिशवर मारून उपयोग नाही. पूर्ण वाळलं की तिथेही पॉलिश करून टाका.

अबोली
महिन्याने लिहितेय, सॉरी. काळा कागद ठेवला होता. चार पट्ट्यांवर नवीन भोक नाही, पाचव्या पट्टीवर मात्र तीन नवीन. ती काढली आणि सुताराने मधून फोडली तर आत लाकूड नव्हतंच जवळजवळ, बोटाने दाबलं की पीठ, बाहेरून कागदाएवढा पापुद्रा फक्त शाबूत. आणि त्यात एक अळी होती, पांढरी, वाकलेली, तांदळाच्या दाण्याएवढी. लेकीने ती तुकड्यासकट काचेच्या बरणीत ठेवली आहे आणि वर मलमलचं फडकं बांधलंय, रोज शाळेतून आली की आधी बरणी बघते. कपाट पूर्ण तपासलं, गाभ्याचंच निघालं, फक्त मागच्या एका फळीची कड पांढरी आहे, तिथे औषध मारलं. बाकीच्या पट्ट्यांना औषध मारून झालंय, वाळल्या की पॉलिश. कीटकमित्र, अळीचा भुंगेरा व्हायला किती दिवस लागतील? लेक विचारतेय.

कीटकमित्र
आपल्या हवेत काही आठवडेही लागतील, काही महिनेही, अळी किती वाढली आहे त्यावर. बरणी उन्हात ठेवू नका आणि लाकडाचा तुकडा बदलू नका, तिचं घर आणि जेवण तेच आहे. भुंगेरा तपकिरी, चपटा, पाच मिलिमीटरच्या आसपास निघेल. निघाला की फोटो टाका, मिशांच्या टोकाला दोन मण्यांची गाठ दिसली तर लिक्टसच.